बफर-सीमादोष

स्वरूपित मजकूर फाइलीत लिहिताना एखादी ओळ, आकडा किंवा ओळ संपल्याची खूण बफरच्या (फाइलीत जाण्याआधी बाइट साठवणाऱ्या तात्पुरत्या जागेच्या) दोन भरणांत विभागली जाऊ शकते. त्या सांध्यावर बाइट गळाल्यास, दुबार उमटल्यास वा चुकीच्या जागी पडल्यास त्याला बफर-सीमादोष म्हणतात.

या दोषाची गणना बहुधा कंपाइलरच्या (प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दोषांत होते. फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेचा कंपाइलर मात्र सामान्यतः लेखनाच्या विधानाचे रनटाइम लायब्ररीला (प्रोग्राम चालताना वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाला) दिलेल्या हाकांत रूपांतर करून थांबतो. आकड्यांची मांडणी, बफर भरणे व रिकामा करणे ही कामे लायब्ररीची. म्हणून दोष लायब्ररीकडे लावणे अधिक सयुक्तिक दिसते. जीसीसीसारख्या कंपाइलर-संचात दोन्ही एकत्रच मिळत असल्याने व्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नाही.

दोषाचा आरंभ निश्चित सांगणे कठीण आहे. युनिव्हॅक-१ (१९५१) या यंत्रात चुंबकीय फितीसाठी ६० शब्दांचा बफर होता, पण तो यंत्राचाच भाग होता. मजकुराची मांडणी सांगणारे फॉरमॅट विधान आयबीएम ७०४ या संगणकावरील फोर्ट्रानबरोबर १९५७ मध्ये आले. स्वरूपण आणि बफर यांची सॉफ्टवेअरमध्ये सांगड पडल्यानंतरचाच हा दोष मानावा लागतो. तो त्यामुळे १९५० च्या दशकाअखेरीच्या आधीचा नसावा.

जीफोर्ट्रानमध्ये (जीसीसीतील फोर्ट्रान कंपाइलरमध्ये) स्वरूपित लेखनाचा बफर, आकार बदलला नसेल तर, ८१९२ बाइटांचा असतो. ८० अक्षरांची ओळ, ओळ संपल्याच्या खुणेसह, ८१ बाइट घेते. अशा १०१ ओळी बफरात पूर्ण मावतात. १०२ व्या ओळीचे ११ बाइट अलीकडे राहतात आणि ७० पलीकडे जातात. ६३ अक्षरांची ओळ (खुणेसह ६४) मात्र सीमेवर कधीच तुटत नाही, त्यामुळे तिच्यावर घेतलेली चाचणी कितीही मोठी असली तरी निर्दोष ठरते. फोर्ट्रान ७७ मधील टीएल हा संकेत विशेष त्रासदायक: तो ओळीत मागे जातो, पण मागचा भाग तोवर फाइलीत गेलेला असू शकतो. फाइलीऐवजी पाइप (मजकूर थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे नेणारा मार्ग) असेल तर मागे परतताच येत नाही. तपासासाठी जादा मजकूर छापला की सीमाच सरकते व दोष दिसेनासा होतो. अशा वेळी बफरचा आकार बदलून पाहणे हा तपासाचा एक मार्ग.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेते. सलग देवनागरी मजकुरात २७३१ वे चिन्ह ८१९२ च्या सीमेवर दोन आणि एक बाइट असे फुटते. प्रत्येक बफराचे रूपांतर स्वतंत्रपणे केले तरच त्यातून मजकूर बिघडतो.