ठिपक्यांभोवतीची रेघ

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाच्या उपचारांचा पहिला टप्पा संपला की त्याच्या बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) नमुना पुन्हा तपासायला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो. डॉक्टरांना त्यापुढचं उत्तर हवं असतं: दहा हजार पेशींमागे एखादी तरी कर्करोगाची पेशी शिल्लक आहे का? या तपासणीला एमआरडी, म्हणजे उपचारांनंतर उरलेल्या रोगाची तपासणी, म्हणतात. अनेक उपचारपद्धतींमध्ये 0.01 टक्के या आकड्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर पुढची औषधं किती तीव्र द्यायची हे ठरतं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत ही तपासणी नेहमीच्या कामाचा भाग आहे. ती होते फ्लो सायटोमीटर या यंत्रावर. यंत्र मात्र नुसते आकडे देतं. पेशी उरली आहे की नाही, हे ठरतं त्यानंतर, सॉफ्टवेअरच्या पडद्यावर.

यंत्राचं काम थोडक्यात असं. पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी घ्यायच्या, प्रत्येकीला वेगळा चमकणारा रंग जोडायचा आणि पेशी एकामागून एक लेझरसमोरून सोडायच्या. सेकंदाला हजारो पेशी जातात. प्रत्येक पेशीने प्रकाश किती विखुरला आणि कोणता रंग किती चमकला याची नोंद होते. प्रत्येक पेशीची एक ओळ, प्रत्येक मोजमापाचा एक रकाना. अशा पाच लाख ओळींची फाईल एका नमुन्यातून सहज तयार होते. या फायलींचा एफसीएस हा सामाईक साचा 1984 साली ठरला, म्हणून एका कंपनीच्या यंत्रावरची फाईल दुसऱ्याच कुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते.

मग सुरू होतं गेटिंग. दोन मोजमापं आडव्या-उभ्या अक्षांवर घेतली की प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका. ठिपक्यांचे पुंजके दिसतात. हव्या त्या पुंजक्याभोवती माउसने रेघ ओढायची, आतल्या पेशी घ्यायच्या, त्या दुसऱ्या दोन अक्षांवर मांडायच्या, पुन्हा रेघ. पाच लाख पेशींत 0.01 टक्के म्हणजे फक्त 50 ठिपके. रेघ जराशी सैल ओढली तर शेजारच्या निरोगी पेशी आत येतात, जरा आवळली तर त्या पन्नासातले वीस बाहेर राहतात. अनेक प्रयोगशाळांना एकाच फायली देऊन केलेल्या तुलनांमध्ये उत्तरांतल्या फरकाचं एक मोठं कारण ही हाताने ओढलेली रेघच निघालं. गेल्या वीस वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये जे काही घडलं, त्याची मला वाटणारी खरी कसोटी हीच आहे: तीच फाईल दोन माणसांनी तपासली तर उत्तर एकच येतं का?

त्यातली सगळ्यात मोलाची सुधारणा दिसायला अगदी साधी आहे. ती आहे अक्षाच्या मोजपट्टीची.

प्रत्येक रंगाचा प्रकाश मोजायला यंत्रात वेगळा डिटेक्टर असतो, पण तो प्रकाश आपापल्या डिटेक्टरपुरता राहत नाही. एफआयटीसी हा हिरवा रंग शेजारच्या, पीई या रंगासाठी ठेवलेल्या डिटेक्टरमध्येही थोडा झिरपतो. समजा 15 टक्के झिरपला, तर हिरव्याच्या 1000 एककांमागे 150 एककं वजा करावी लागतात. याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. ही वजाबाकी सरासरीच्या हिशोबाने बरोबर असते, पण प्रत्येक पेशीच्या मोजणीत थोडी चढउतार असतेच. त्यामुळे ज्या पेशीवर पीई अजिबात नाही, तिचं उत्तर नेमकं शून्य येत नाही. काहींचं थोडं वर येतं, काहींचं उणे.

जुनी सॉफ्टवेअर अक्षासाठी लॉगची, म्हणजे दर टप्प्याला दहापट वाढणारी, मोजपट्टी वापरत, कारण मंद पेशी आणि हजारपट तेजस्वी पेशी एकाच चित्रात बसवायच्या असत. लॉगच्या पट्टीवर शून्याला आणि उणे आकड्यांना जागाच नसते. म्हणून अशा सगळ्या पेशी अक्षाला चिकटून एका रेषेत गोळा होत आणि बाकीच्या वर पसरलेल्या दिसत. एकाच प्रकारच्या पेशी पडद्यावर दोन गट भासत. वजाबाकी बरोबर असूनही चित्र चुकीचं वाटे, आणि चित्र 'नीट' दिसावं म्हणून लोक वजाबाकीच जास्त करून ठेवत. डेव्हिड पार्क्स, मारियो रोडरर आणि वेन मूर यांनी 2006 साली लॉजिकल (Logicle) नावाची मोजपट्टी मांडली. शून्याच्या आसपास ती साध्या पट्टीसारखी चालते, उणे आकडेही दाखवते, आणि दूर गेल्यावर हळूहळू लॉग होते. अक्षाला चिकटलेला तो खोटा गट नाहीसा झाला आणि शून्याभोवती एकच गोल पुंजका दिसू लागला. आज फ्लोजोसह बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा धर्तीची पट्टी असते.

पुढचा पेच रंगांच्या संख्येने आणला. चार रंग असतील तर दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, त्या डोळ्यांनी बघता येतात. स्पेक्ट्रल यंत्रं आली. ती प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट अनेक डिटेक्टरांवर टिपतात, आणि 2020 साली 40 रंगांचं पॅनल, म्हणजे एकाच नमुन्यात वापरायचा रंगांचा संच, प्रसिद्ध झालं. 40 रंगांच्या जोड्या होतात 780. इतकी चित्रं कुणी बघत नाही. माणूस आपल्याला अपेक्षित असलेल्या वाटेनेच रेघा ओढत जातो, आणि वाटेबाहेरचा पुंजका कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

इथे क्लस्टरिंगचा, म्हणजे संगणकाने आपोआप गट पाडण्याचा, खरा उपयोग झाला. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली फ्लोसॉम नावाचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. सगळे रंग एकदम विचारात घेऊन ते सारख्या पेशी एकत्र आणतं. सहसा दहा बाय दहाची जाळी घेऊन आधी शंभर लहान गट पाडतं, मग सारखे गट जोडून मोठे करतं. लाखो पेशींचं काम साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं, आणि ते आर या प्रोग्रामिंगच्या भाषेत फुकट मिळतं. पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या संस्थेत यंत्र सामाईक असतं, फायली घेऊन विद्यार्थी आपापल्या संगणकावर बसतात. त्यांच्यासाठी 'फुकट' हा शब्द फार मोठा आहे.

याच्याबरोबर आलेल्या टी-स्ने आणि यूमॅप यांच्या रंगीत नकाशांबद्दल मात्र सावध राहायला हवं. चाळीस मोजमापं दोन अक्षांवर दाबून बसवताना पेशींचे जवळचे शेजारी बऱ्यापैकी जपले जातात, पण दूरच्या पुंजक्यांमधलं अंतर आणि पुंजक्याचा आकार यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यातून हे नकाशे काढायला वेळ लागतो म्हणून बरेच जण लाखो पेशींतून थोड्याच निवडून घेतात. लाखातल्या दहा पेशी शोधायच्या असतील तर त्या निवडीतच त्या गळून जाण्याची शक्यता मोठी. रोगनिदानासाठी असा नकाशा एकट्याने पुरेसा मानू नये, असं मला ठामपणे वाटतं.

अल्गोरिदम माणसाइतके चांगले आहेत का, याची उघड परीक्षा फ्लोकॅप या स्पर्धांमधून झाली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही पद्धती तज्ज्ञांच्या हाताच्या गेटिंगच्या तोडीस तोड ठरल्या, आणि अनेक पद्धतींची उत्तरं एकत्र केली तर एकट्या पद्धतीपेक्षा बरं उत्तर मिळालं.

कमी चमकदार कामंही आता सॉफ्टवेअर करतं. नळीत बुडबुडा अडकला तर काही सेकंद सगळे संकेत एकदम खाली जातात. पीकोक्यूसीसारखी साधनं वेळेच्या अक्षावर ती घसरण शोधून तेवढ्या पेशी वगळतात. 2021 साली आलेलं ऑटोस्पिल कॉम्पेन्सेशनचा हिशोब स्वतः करून तपासतं. आधी हे तंत्रज्ञाच्या नजरेवर अवलंबून असे.

आता एमआरडीसाठीही तज्ज्ञांनी तपासलेल्या फायलींवर शिकवलेली मॉडेलं तयार होत आहेत. अडचण अशी की मॉडेल पेशींबरोबर त्या प्रयोगशाळेच्या सवयीही शिकतं: तिथल्या अँटिबॉडी, डिटेक्टरचे व्होल्टेज, रेघ सैल ओढणारा हात. व्होल्टेज बदललं की तोच पुंजका पडद्यावर दुसरीकडे सरकतो, आणि एका शहरात शिकलेलं मॉडेल दुसऱ्या शहरात चुकतं. युरोफ्लो या युरोपीय गटाने 2012 साली यंत्राच्या जुळणीपासून अँटिबॉडींच्या यादीपर्यंत सगळं सामाईक ठरवून प्रसिद्ध केलं, तेव्हा ते कंटाळवाणं काम वाटलं असेल. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या फायली एकत्र ठेवून तुलना करणं त्यामुळेच शक्य झालं, आणि नव्या मॉडेलांना शिकवायला आज अशाच फायली लागतात.