कच्चा हापूस फ्रिजमध्ये का रुसतो?

पेटी घरी आली, आंबे अजून कडक आहेत, सगळे एकदम पिकले तर खाणार कोण? मग अर्धे फ्रिजमध्ये ढकलावेत, हा सल्ला दर मे महिन्यात फिरतो. असे आंबे हिरवेच राहतात, सालीवर करडे डाग पडतात आणि बाहेर काढल्यावरही धड पिकत नाहीत.

उतरवलेला आंबा जिवंत असतो. तो श्वास घेतो, साखर जाळतो, उष्णता सोडतो. तापमान 10 अंशांनी उतरलं की हा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, इथपर्यंत सल्ला बरोबरच आहे. पण सफरचंद 4 अंशांवर महिनोन्महिने राहतं म्हणून आंबाही राहील, असं नाही.

गोम पेशीच्या पातळ पटलात आहे. हे पटल स्निग्ध रेणूंचं. त्यांच्या शेपटीत असंतृप्त, म्हणजे दुहेरी, बंध असेल तर तिला बाक येतो, रेणू दाटीने बसत नाहीत आणि पटल थंडीतही प्रवाही राहतं. उष्ण प्रदेशातल्या आंब्याला असल्या तयारीची गरजच पडली नाही. साधारण 12-13 अंशांखाली त्याचं पटल तुपासारखं थिजू लागतं, असं मानलं जातं. मग त्यात बसलेली प्रथिनं नीट काम करेनात आणि पेशीतले क्षार झिरपू लागतात. पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पिशवीत, कोंडलेली फिनॉल नावाची संयुगं सुटून पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) भेटतात आणि ऑक्सिजनच्या साथीने तपकिरी होतात. सालीवरचे डाग ते हेच. बरेचदा हे नुकसान फळ परत उबेत आल्यावरच दिसतं, म्हणून दोष फ्रिजऐवजी आंबेवाल्याला जातो.

पिकणंही अडतं. फळाला पिकवणारा वायू म्हणजे इथिलीन. फळ तो बनवतं मेथिओनीन या अमिनो आम्लापासून: आधी एसएएम, मग एसीसी ही मधली संयुगं, शेवटी एसीसी ऑक्सिडेज या विकराच्या हातून इथिलीन. बनलेलं इथिलीन आणखी इथिलीनला चालना देतं. थंडीचा मार बसला की या विकरांची क्रिया घटते आणि ही साखळी पेटतच नाही. गर फिकट आणि आंबट राहतो.

जाता जाता, पाण्यात तरंगला तो कार्बाईडचा, हा मेसेज खोटा आहे. तयार हापूसची घनता पाण्याहून किंचित जास्त असते, म्हणून तो बुडतो. तरंगणारा बहुतेक कोवळा उतरवलेला. कार्बाईडने पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे, पण ते ओळखायची ही रीत नव्हे.

व्यापारी साठवण 13 अंशांच्या आसपास, 85 ते 90 टक्के आर्द्रतेत होते. घरात भाताच्या पेंढ्याची अढी पुरते: एकच थर, हवा खेळती, देठ शाबूत. देठ तुटून तिथून चीक सालीवर ओघळला की काळे चट्टे पडतात. रोज अढी चाळावी आणि आधी पिकलेला आंबा लगेच वेगळा काढावा, नाहीतर त्याच्या इथिलीनने शेजारचेही घाईला येतात. पूर्ण पिकलेला आंबा थंडी बराच सोसतो. दोन-चार दिवसांसाठी फ्रिजमध्ये जायचा तो हाच.