रोबोटचा प्रतिसादकाळ: लॉगमधला आकडा आणि आमच्या अहवालातला आकडा

रोबोटचा प्रतिसादकाळ, म्हणजे अडथळा समोर आल्यापासून ब्रेक धरेपर्यंतचा वेळ, आम्ही मोजून देतो. या मोजणीचा अहवाल हाती पडल्यावर बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: ‘आमच्या लॉगमध्ये ४० मिलिसेकंद दिसतात, तुम्ही २५० कसे लिहिले?’ दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. मात्र लॉगमधला, म्हणजे रोबोटने स्वतः ठेवलेल्या नोंदीतला, आकडा रोबोटचा नसून केवळ त्याच्या प्रोग्रॅमचा असतो.

सेन्सरचा संदेश प्रोग्रॅमला मिळाला की लॉगमधली मोजणी सुरू होते आणि थांबण्याची आज्ञा बाहेर पडली की संपते. सेकंदाला १० फेऱ्या घेणाऱ्या लायडारचा (फिरत्या लेझर किरणाने अडथळे टिपणाऱ्या सेन्सरचा) किरण पुढे सरकताच मागे अडथळा आला, तर तो दिसेपर्यंत जवळजवळ १०० मिलिसेकंद जातात. खोटे इशारे टाळण्यासाठी सलग दोन फेऱ्यांत दिसलेलाच अडथळा खरा मानायचा असे ठरवले असेल, तर त्यात आणखी १०० ची भर पडते. आज्ञा मोटर कंट्रोलरपर्यंत पोहोचून ब्रेक प्रत्यक्ष धरेपर्यंतचा वेळ वेगळाच. सेकंदाला १.५ मीटर वेगाने जाणारा रोबोट ४० मिलिसेकंदांत ६ सेंटिमीटर सरकतो, तर २५० मध्ये साडेसदतीस. आणि हे अंतर ब्रेक लागण्याआधीचे आहे.

म्हणून आम्ही रोबोटच्या घड्याळावर विसंबत नाही. अडथळा किरणाच्या पातळीत येताक्षणी पेटणारा एलईडी आणि रोबोटचे चाक एकाच चौकटीत घेऊन सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करतो आणि मधली चित्रे मोजतो. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. असा कॅमेरा अनेक मोबाइल फोनमध्ये असतो, त्यामुळे प्राथमिक मोजणी आपण स्वतःही अवश्य करावी.

आमचे शुल्क मुख्यतः पुनरावृत्तीसाठी आहे, आणि ते आम्हाला रास्त वाटते. अडथळा ठरावीक तालावर आणला तर तो लायडारच्या फेरीशी जुळून आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून तो अनियमित अंतराने, शेकडो वेळा आणावा लागतो. अहवालात सरासरीच्या वर आम्ही सर्वाधिक वेळ छापतो, कारण धडक सरासरीने टळत नाही.

रोबोट पाठवताना एक विनंती आहे. नकाशा, कॅमेरा, नोंदणी असे रोज चालणारे प्रोग्रॅम कृपया बंद करू नयेत. ते बंद केल्यास संगणकावरचा भार हलका होऊन आकडा देखणा येतो, परंतु तो प्रत्यक्ष कामावरच्या रोबोटचा नसतो आणि पूर्ण मोजणी पुन्हा करावी लागते.