व्हिडिओ गेममधील काठिण्यसंतुलन

समोरचे आव्हान अशक्य वाटून खेळाडूने खेळ सोडून देऊ नये आणि ते फारच सोपे वाटून त्याला कंटाळाही येऊ नये, यासाठी व्हिडिओ गेम घडवणारे जी योजना करतात तिला काठिण्यसंतुलन म्हणता येईल. शत्रूंची संख्या व वेग, चुकीसाठी मोजावी लागणारी किंमत, मदतीची साधने, दोन अवघड प्रसंगांमधली उसंत आणि नवे कौशल्य शिकवण्याचा क्रम या साऱ्यांचा तीत समावेश होतो. ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. सागरगोटे खेळताना आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन गोटे एका झेलीत उचलायचे असतात, म्हणजे हात बसत जाईल तसा खेळही अवघड होत जातो. आणि खेळात एखादे लहान मूल असेल, तर त्याला कच्चा लिंबू ठरवून मोठी मुले त्याच्या चुका पोटात घालतात. ही सवलत कोणाला, कधी आणि किती द्यायची हे अंगणात जागच्या जागी ठरते. व्हिडिओ गेममध्ये मात्र खेळाडू कोण असेल हे ठाऊक नसताना ती जाण आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावी लागते, आणि या विषयातली खरी अडचण तीच आहे.

या संतुलनाचे एक प्रसिद्ध उदाहरण योगायोगाने घडले. जपानमधील तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या गेममध्ये पडद्यावर ५५ परग्रहवासी एकाच वेळी असत, आणि तेवढी चित्रे हलवताना त्या काळच्या प्रोसेसरची दमछाक होई. खेळाडू एकेकाला टिपत गेला की प्रोसेसरवरचा भार हलका होऊन उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने सरकू लागत. निशिकादो यांनी हा दोष न मानता तसाच ठेवला. त्यामुळे खेळाडू जिंकत आला की नेमका तेव्हाच गेम चढत जाई, आणि शेवटचा एकटा शत्रू टिपताना सर्वांत जास्त धांदल उडे.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या काळात काठिण्याला व्यापारी हेतूही होता, कारण खेळाडू लवकर हरला की पुढचे नाणे पडे. घरच्या टीव्हीला जोडायचे कन्सोल आल्यावर गेमचे पैसे एकदाच मिळू लागले आणि खेळाडूला हरवण्यापेक्षा त्याला शिकवण्याला महत्त्व आले. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची (१९८५) पहिली लेव्हल या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तिच्यात सूचनेचा एकही शब्द घातलेला नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून कुठे जायचे हे आपोआप कळते. पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मारिओ मरतो, पण अगदी सुरुवातच असल्याने खेळाडूचे काही क्षणच वाया जातात. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेले मशरूम उजवीकडे घरंगळते, पाइपवर आपटते आणि मारिओच्या दिशेने परत येते. शत्रू समजून ते टाळू पाहणाऱ्याच्या उडीलाही डोक्यावरच्या ठोकळ्यांचा अडथळा होतो. मशरूम अंगावर येऊन मारिओ मोठा झाला, की ही वस्तू हितकर आहे हे कायमचे लक्षात राहते. पुढे पायऱ्यांच्या दोन रचना लागतात. पहिलीच्या मधोमध भक्कम जमीन असते, दुसरीत तिथेच खोल दरी असते. आधी बिनधोक सराव, मग तीच उडी जिवावर बेतणारी: हा क्रम इतका सहज वाटतो की आपल्याला कोणी शिकवले याची खेळाडूला जाणीवही होत नाही.

या अनुभवाला तात्त्विक चौकट दिली ती मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या विचाराने. आव्हान आणि कौशल्य एकमेकांना तोलून धरतात तेव्हा माणूस कामात तल्लीन होतो. आव्हान वरचढ झाले तर चिंता आणि कौशल्य वरचढ झाले तर कंटाळा येतो. गेम घडवणाऱ्यांनी हा विचार मनापासून स्वीकारला असला, तरी तो अपुरा आहे असे म्हणावे लागते, कारण सतत काठोकाठ ताण ठेवलेला गेमही माणसाला थकवतो. व्हाल्व्ह कंपनीच्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये (२००८) याचे उत्तर सापडते. त्यातली ‘डिरेक्टर’ नावाची यंत्रणा प्रत्येक खेळाडूवर किती ताण आला आहे याचा अंदाज घेत राहते, ताण शिगेला पोचला की काही काळ हल्ले थांबवते आणि खेळाडूंचा श्वास परत आला की पुन्हा ते वाढवत नेते.

कच्च्या लिंबाची सवलत कच्च्या लिंबाला कळली तर त्याचा हिरमोड होतो, म्हणून बहुतेक मदत लपवलेली असते. ‘क्रॅश बँडिकूट’मध्ये (१९९६) एकाच जागी वारंवार मरणाऱ्या खेळाडूला एक आघात झेलणारा मुखवटा न मागता मिळतो. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२००५) खेळाडूच्या कामगिरीनुसार शत्रूंचा आक्रमकपणा गुपचूप कमी-जास्त करतो. उड्यांच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडीचे बटण मान्य केले जाते. ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममध्ये ही मुदत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी आहे. ही सवलत काढून टाकली तर प्रोग्रॅम काटेकोर होईल, पण खेळाडूला तो लबाड वाटेल, कारण आपण वेळेवर बटण दाबले अशी त्याची प्रामाणिक खात्री असते.

म्हणजे काठिण्य जितके गणिताचे तितकेच भावनेचे असते. ‘सिव्हिलायझेशन’ या डावपेचांच्या गेमचे रचनाकार सिड मायर यांनी २०१० साली गेम विकसकांच्या परिषदेत सांगितलेला अनुभव याची साक्ष देतो. तीनास एक अशी बाजू भक्कम असताना चार लढायांमागे एक हरणे गणिताने रास्तच आहे, पण खेळाडूंना तो अन्याय वाटे. उलट एकास तीन अशी बाजू दुबळी असताना जिंकले तर कोणाचीच तक्रार नसे. शेवटी गेममधल्या शक्यता खेळाडूंच्या समजुतीला धरून वळवाव्या लागल्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या (२००४) चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याला निम्मेच गुण मिळत आणि खेळाडू चिडत. मग ब्लिझार्ड कंपनीने सुरुवातीच्या मिळकतीला ‘विश्रांतीचे दुप्पट गुण’ म्हटले आणि नंतरच्या मिळकतीला नेहमीचे गुण. हिशेब तोच राहिला, राग मात्र निवळला.

असे अंदाज टेबलाशी बसून बांधता येत नाहीत. ‘हाफ लाइफ’ (१९९८) घडत असताना व्हाल्व्हमध्ये बाहेरच्या व्यक्तीला खेळायला बसवत आणि ज्यांनी तो भाग रचला ते मागे बसून टिपणे काढत. खेळणारा कितीही अडला तरी एक शब्दही बोलायची त्यांना मुभा नसे. आपली आवडती कल्पना कोणालाच समजत नाही हे तोंड मिटून पाहावे लागणे हा या व्यवसायातला सर्वांत कठोर आणि सर्वांत उपयोगी धडा मानला पाहिजे.

हेच ज्ञान खेळाडूच्या विरुद्धही वापरले जाते. ‘कँडी क्रश सागा’मध्ये (२०१२) पाच संधी असतात आणि गमावलेली प्रत्येक संधी परत यायला ३० मिनिटे लागतात, थांबायचे नसेल त्याने पैसे मोजायचे. येथे अवघड लेव्हल हे आव्हानही असते आणि दुकानाचे दारही, आणि खेळाडूला त्यातले नेमके काय समोर आहे ते कळत नाही. आत काय निघेल हे माहीत नसताना विकत घ्यायच्या ‘लूट बॉक्स’मध्ये तर कौशल्याचा संबंधच उरत नाही, बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे असे काही बॉक्स जुगाराच्या व्याख्येत बसतात असा निर्णय दिला. लपवलेली मदत आणि लपवलेला सापळा तंत्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे असली, तरी पहिलीत खेळाडूचा वेळ राखला जातो आणि दुसऱ्यात तो विकला जातो, हा फरक विकसकांनी दृष्टीआड करता कामा नये.

मदत न लपवता खेळाडूच्या हाती सोपवण्याचा मार्गही आहे. ‘सेलेस्ट’ हा पर्वत चढण्याचा अतिशय अवघड गेम आहे, पण त्याच्या ‘असिस्ट मोड’मध्ये गेमची गती कमी करता येते, नायिकेला न थकता कडा धरून ठेवता येतो आणि हवे तर ती मरणारच नाही अशीही सोय करता येते. हे पर्याय कधीही सुरू वा बंद करता येतात, आणि ते सुरू ठेवणाऱ्यालाही तिची गोष्ट शिखरापर्यंत अनुभवता येते.