दिव्याखालचा अंधार आणि वर्गातला राउटर

मुलुंडच्या एका शाळेतल्या पालकसभेत यंदा गणवेशाच्या दुकानावरून वाद झाला नाही. वाद झाला तो पाचवीच्या वर्गात फळ्याच्या वर बसवलेल्या वायफायच्या राउटरवरून. चार शिंगांचा काळा डबा, त्यावर लुकलुकणारा हिरवा ठिपका. "मुलं सहा-सहा तास त्याच्याखाली बसतात. किरणोत्सर्ग होतोच ना?" एका आईने विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे असल्या वेळी मान माझीच पुढे.

अर्धी भीती त्या एका शब्दात आहे. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, चेर्नोबिल, ट्रॉम्बे. राउटरमधून निघतं ते प्रारण, म्हणजे रेडिओलहरी. आपली वर्तमानपत्रं दोन्हींना सर्रास एकच शब्द वापरतात आणि मग वायफाय अणुभट्टीच्या रांगेत जाऊन बसतं. मुंबईच्या हवेत रेडिओलहरी निदान १९२७ पासून तरी आहेत. त्या वर्षी इथलं रेडिओ केंद्र सुरू झालं.

फरक कसला, ते कैरीवरून सांगतो. कैरी पाडायला दगड लागतो. अक्षता कितीही उधळल्या तरी कैरी पडत नाही. क्ष-किरणाचा एकेक कण, म्हणजे ऊर्जेचं एकेक पुडकं, दगडासारखा असतो. तो अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि डीएनए बिघडवू शकतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ (सेकंदाला २.४ अब्ज कंपनं) लहरीचा कण म्हणजे अक्षत. इलेक्ट्रॉन उडवायला लागते त्याच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी ऊर्जा त्याच्यात असते. अशा अक्षतांच्या माऱ्याचा नक्की कळलेला परिणाम एकच, ऊब. मायक्रोवेव्ह ओव्हन याच लहरींवर चालतो, पण तिथे बंद पेटीत आठशे-हजार वॉट कोंडलेले असतात. राउटर जेमतेम ०.१ वॉट सोडतो. जुना झिरोचा बल्बसुद्धा याच्या शंभरपटीहून जास्त वीज खातो.

आता हिशेब. ०.१ वॉट चहूकडे सारखे पसरले, तर दोन मीटरवर दर चौरस मीटरला साधारण दोन मिलिवॉट पडतात. आपल्याकडे २०१२ पासून मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दोन गिगाहर्ट्‌झच्या वर ती दर चौरस मीटरला एक वॉट, म्हणजे हजार मिलिवॉट. त्याच पट्टीने मोजलं तर पहिल्या बाकावरच्या मुलाला तिच्या पाचशेव्या भागाइतकंच मिळतं, तेही राउटर अखंड बोलत राहिला तर. खरं तर तो बहुतेक वेळ गप्प असतो.

मग कॅन्सरवाल्या संस्थेनं ठपका ठेवलाय, तो? ठेवलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा २बी गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तरीही पालकांना मी वेड्यात काढणार नाही. मुलांची कवटी पातळ असते. फोन कानाला लावला की त्यांच्या मेंदूत मोठ्यांच्या सरासरी दुप्पट ऊर्जा शोषली जाते, असं त्याच २०११ च्या अहवालात आहे. फ्रान्सने २०१५ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत वायफायला बंदी केली आणि प्राथमिक शाळांत शिकवायला लागत नसेल तेव्हा ते बंद ठेवायला सांगितलं.

पण त्या अहवालातल्या वाक्यात 'फोन कानाला' आहे, 'राउटर भिंतीला' नाही. अंतर दुप्पट झालं की मारा चौपट घटतो. भिंतीवरच्या डब्यापेक्षा मांडीवरचा टॅब आणि कानाचा फोन कित्येक पट जवळ. आणि फोन हुशार असतो, रेंज कमी मिळाली की आवाज चढवतो. जाड भिंतींच्या जुन्या शाळेत, जिन्याखाली, सिग्नलच्या एका कांडीवर चाललेला फोन जास्तीत जास्त जोर लावून ओरडत असतो.

टॉवरची गोष्ट याहून गमतीची. २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा-रुग्णालयांवरचे टॉवर हटवायला सांगितले, तेव्हापासून 'आमच्या गच्चीवर नको' हा मंत्र झाला. कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्जचं दीपगृह आहे. त्याचा झोत दूर समुद्रावर जातो, पायथ्याशी नाही. टॉवरवरचे उभे पांढरे पट्टे, म्हणजे अँटेना, तसेच, समोर आणि किंचित खाली पाहतात. खालच्या मजल्यांना मधला स्लॅबही आडवा येतो. दिव्याखाली अंधार! काळजी करायचीच, तर समोरच्या इमारतीवरचा पट्टा आपल्या खिडकीच्या उंचीवर, रोखून पाहत नाही ना, हे बघा. टॉवरची माहिती दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर मिळते.

सभेत मी एवढंच सुचवलं: राउटर फळ्यावरून काढून वर्गाच्या दाराबाहेर, छताजवळ लावा. संगणक कक्षातली यंत्रं जागची हलत नाहीत, त्यांना केबल द्या. चाळीस मुलं एका वायफायवर आली की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, ते दुखणंही जाईल. टॅब मांडीवर नाही, बाकावर. ज्यांना धडा आधीच टॅबवर डाउनलोड करून घेता येतो त्यांनी तो घ्यावा आणि टॅब विमान मोडवर टाकावा.

त्या आईने वहीत लिहून घेतलं. केबल दिवाळीच्या सुट्टीत टाकायची ठरली. मागे उभे असलेले शिपाईकाका तेवढे खाकरले. "सर, केबल ठीक आहे. पण आपल्याकडच्या उंदरांचं काय करायचं?"