बायबलात जगाची जन्मतारीख नाहीच

“बायबल म्हणतं, जग इ.स.पू. ४००४ मध्ये निर्माण झालं,” हे वाक्य विज्ञानाची बाजू घेणारेही बिनधास्त ठोकून देतात. बायबल उघडून बघा, मूळ वचनांत हा आकडा कुठेच सापडणार नाही.

तो काढला आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी, १६५० साली. वंशावळींतली वयं, राजांच्या कारकिर्दी, शेजारच्या राष्ट्रांचा इतिहास यांची बेरीज करत ते थेट २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पोचले. त्या काळी हा वेडगळपणा नव्हता. केप्लर आणि न्यूटनही या गणितात रमले होते. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही सनावळी छापली जाऊ लागली आणि समासातलं टिपण लोकांनी वचन म्हणून स्वीकारलं.

गंमत अशी, की प्रत बदलली की उत्तरही बदलतं. हिब्रू पाठात मुलगा शेथ जन्मला तेव्हा पहिला माणूस आदाम १३० वर्षांचा. जुन्या ग्रीक भाषांतरात २३०. एकाच पिढीत शंभर वर्षांचा फरक! म्हणूनच ग्रीक पाठावर चालणारी बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याची कालगणना निर्मिती इ.स.पू. ५५०९ पर्यंत मागे नेते.

बायबलातल्या निर्मितीचे ‘सहा दिवस’ शब्दशः घ्यायचे का, हा वादही डार्विनच्या कितीतरी आधीचा. सूर्य चौथ्या दिवशी आला, मग आधीचे तीन दिवस सूर्याविना कसे, असं ख्रिस्ती धर्मपंडित ऑरिजेनने तिसऱ्या शतकातच विचारलं होतं.

पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणारे गट आजही आहेत, विशेषतः अमेरिकेत. त्यांच्याशी वाद जरूर घाला, पण पुराव्यानिशी: उल्कापाषाणांमधल्या शिशावरून भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं.