वाळलेलं गवत आकाशातून कसं ओळखतात

नोव्हेंबरात वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या आसपास माळावरून चालून या. पँटीत कुसळं घुसलेली असतात. त्यातलं एक ओल्या तळहातावर ठेवा. त्याची पिळदार शेपटी हळूहळू फिरू लागते. गवत हवेतली ओल किती चटकन घेतं, हे असं डोळ्यांनी दिसतं. सोडतंही तेवढ्याच चटकन. जाडजूड ओंडका वाळायला महिने लागतात. गवताची वाळकी काडी मात्र सकाळी दवानं नरम असते आणि ऊन तापलं की तासाभरात पेट घ्यायला तयार.

विदर्भातला वणवा म्हटला की मेळघाट आठवतो. बरडावरचं, झुडपी जंगलातलं गवत जळालं तर त्याची कुठे फारशी नोंद होत नाही. पण ढोरांचा वर्षाचा चारा तिथंच उभा असतो. कुणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, पेटवतो, कुणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतो, आणि एक ठिणगी वाऱ्यावर जाते.

भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहाच्या आधारे आगीच्या सूचना देतं. आता त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्हिअर्स’ या उपग्रहावरच्या संवेदकाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 375 मीटर बाय 375 मीटरचा, म्हणजे साधारण 35 एकरांचा. तो संवेदक असलेले उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. गवताची आग तीनला लागून पाचला विझली, तर त्यांना ती दिसतच नाही. म्हणून माळासाठी आग शोधण्यापेक्षा ती कुठं लागू शकेल हे आधी ओळखणं मला जास्त मोलाचं वाटतं.

त्यासाठी युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह कामाचे आहेत. त्यांचा सगळ्यात बारीक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा! दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात आणि चित्रं सगळ्यांना मोफत मिळतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. गवत पिवळं पडलं की हा फरक कमी होतो. त्यापलीकडच्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यात पाणी प्रकाश शोषतं, त्यामुळे पानात ओल किती उरली तेही कळतं.

एक गोष्ट मात्र उलटी वाटेल. माळावर धोका चांगल्या पावसाच्या वर्षी वाढतो. पाऊस भरपूर, तर गवत कमरेएवढं, आणि तेच उन्हाळ्यात जळण. म्हणून नुसता मार्चचा वाळलेपणा पाहून भागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ढग हटल्यावर तो माळ किती हिरवा होता, हेही पाहावं लागतं. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, त्यांना वारा आणि आर्द्रतेचे आकडे जोडले, की धोक्याचा नकाशा तयार होतो. त्यातला हिरवाईचा भाग नोव्हेंबरातच हाती आला, तर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, कुठं रुंद करायच्या आणि गवत आधी कुठून कापून गंजी लावायची, हे वेळेत ठरवता येतं.

झुडपी जंगलात मात्र उपग्रह फसतो. वर घाणेरीची हिरवी पानं, खाली कोरडं गवत. ठिपका हिरवाच दिसतो. अशा जागा रोज ढोरं घेऊन जाणाऱ्या गुराख्याला पाठ असतात. त्याला सोबत घेऊन तिथं जायचं, मीटरभर चौकटीतलं गवत कापून तोलायचं, वाळवून पुन्हा तोलायचं, आणि तो फरक नकाशावरच्या त्या गुंठ्याशी ताडून पाहायचा.